काळ्या लाव्हावरचा ऑक्टोबर

हवाई बेटांतल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कैलुआ-कोना नावाचे लहानसे गाव आहे. त्याचा अक्षांश १९ अंश ३८ मिनिटे उत्तर. हीच आडवी रेघ पॅसिफिक आणि बंगालचा उपसागर ओलांडून आपल्याकडे आणली, तर ती श्रीरामपूरच्या अगदी जवळून जाते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी श्रीरामपुरात सूर्य जितका वर असतो तितकाच तो कोनात असतो, क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर. ऑक्टोबर हीट म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फक्त आपल्याकडची ती हीट पाऊस सरल्यावरची, बरीचशी कोरडी असते. कोनाची समुद्रावरची, चिकट असते. शिवाय तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल थिजलेला काळा लाव्हा पसरलेला आहे. त्यावर झाड नाही, त्यामुळे सावलीही नाही. दगड सकाळपासून ऊन पीत राहतो आणि दुपारी ते परत ओकू लागतो.

अशा जागी बहुतेक वर्षी आयर्नमॅन या ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा होते. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन, हे सगळे एकाच दिवसात, मध्ये न थांबता. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी शेजारच्या ओआहू बेटावर पहिल्यांदा ही शर्यत झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. जिंकलेल्या गॉर्डन हॉलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. १९८१ मध्ये होनोलुलूच्या रहदारीला कंटाळून शर्यत कोनाच्या मोकळ्या रस्त्यांवर आली. १९८२ मध्ये ती फेब्रुवारीतून ऑक्टोबरमध्ये गेली. थंड देशांतल्या स्पर्धकांना उन्हाळाभर सराव करता यावा, हा त्यामागचा विचार. त्या वर्षी म्हणूनच दोन शर्यती झाल्या. सोय झाली सरावाची. शर्यतीच्या दिवशी मात्र हवा तिशीच्या घरात, आर्द्रता भरपूर आणि मध्यान्हीचा अतिनील निर्देशांक दहाच्या आसपास, हे वाट्याला आलेच.

या प्रकरणात सायकलच्या किमती आणि कार्बन फायबरच्या जाती यांची चर्चा नाही. उन्हात दिवसभर राबणाऱ्या शरीराच्या अंगावर काय असावे आणि का, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आधी थोडा हिशेब करावा लागतो.

माणसाचे स्नायू इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच कामात बदलतात. उरलेली सगळी उष्णता. एखादा सायकलस्वार पेडलवर २०० वॉट लावत असेल, तर त्याच्या शरीरात त्याच वेळी ६०० ते ८०० वॉट उष्णता तयार होत असते. स्वयंपाकघरातली मध्यम आकाराची इलेक्ट्रिक शेगडी पोटात पेटवून पाच-सहा तास बसण्याचा हा प्रकार. त्यात वरून ऊन. सायकलच्या हँडलवरच्या एरो बारवर वाकलेल्या माणसाची पाठ जमिनीला जवळपास समांतर होते, आणि उभ्या माणसाला डोक्या-खांद्यावर जेवढे ऊन लागते त्याच्या कितीतरी पट ते या आडव्या पाठीवर पडते. वाऱ्याला फसवण्यासाठी घेतलेली ही बैठक सूर्याला मात्र आयतीच सापडते.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घामाचे बाष्पीभवन. त्वचेवरचा एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. वरच्या ८०० वॉटचा तासाचा हिशेब केला तर सव्वा लिटरच्या जवळपास घाम वाळायला हवा. नुसता येऊन भागत नाही. जो ठिबकून रस्त्यावर पडला तो वाया गेला. दमट हवेत तोच जास्त असतो. पोट मात्र तासाला लिटरभर पाणी रिचवतानाही कुरकुरते. जमा-खर्चाचा मेळ बसत नाही, आणि दिवस लांबेल तशी तूट वाढत जाते. अंगावरच्या प्रत्येक वस्तूला म्हणून एकच प्रश्न विचारायचा: ही घाम वाळू देते का, आणि ऊन अडवते का? वाऱ्याच्या बोगद्यातली चाचणी त्यानंतर.

पहिल्या काही वर्षांतल्या शर्यतींचे फोटो पाहिले तर पोहण्याची चड्डी आणि वर आखूड बनियन, किंवा तेही नाही, असा पोशाख सर्रास दिसतो. गरम होते म्हणून कपडे कमी, हे तर्कट तेव्हा कोणाला खटकत नसावे. आज आघाडीचे बहुतेक स्पर्धक कोपरापर्यंत बाह्यांच्या, मांडी झाकणाऱ्या एकसंध ट्रायसूटमध्ये असतात, आणि तोही बहुधा पांढरा किंवा फिका. गंमत अशी की बाह्या आल्या त्या उन्हामुळे नव्हे. उघड्या खांद्यापेक्षा खास विणीचे कापड हवा सहज कापते, असे दिसले म्हणून आल्या. ऊन अडले हा फायदा वर फुकट मिळाला.

खरे तर यासाठी एवढी प्रयोगशाळा लागायला नको होती. मे महिन्यात मराठवाड्यात रोजगार हमीच्या कामावर गेलेला माणूस अंगभर सदरा घालतो, डोक्याला पंचा गुंडाळतो. बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवते आणि पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी खोचते. बिनबाह्यांचे कपडे सावलीत बसणाऱ्यांचे. उन्हातच राहायचे ठरले तर कापड हीच पहिली सावली, आणि ती अंगासोबत चालते.

पण कापडात एक पेच आहे. पांढरा रंग दृश्य प्रकाश परतवतो, म्हणून तो कमी तापतो. अतिनील किरणांच्या बाबतीत मात्र रंगापेक्षा वीण महत्त्वाची. साधा पांढरा सुती टी-शर्ट कोरडा असताना साधारण यूपीएफ पाच ते सातचे संरक्षण देतो. ओला झाला की तीनच्या आसपास उतरतो. यूपीएफ तीन म्हणजे एकतृतीयांश अतिनील किरण आरपार. ट्रायसूट तर पोहण्यापासूनच ओला असतो आणि शेवटपर्यंत वाळत नाही. म्हणून लेबलवर यूपीएफ ५० लिहिलेले, दाट विणीचे, पॉलिस्टरचे कापड घ्यावे. ते हातात ताणून उजेडापुढे धरावे. ताणल्यावर पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसला तर मांडीवर ताणलेले असताना सूर्यालाही आतले दिसणार. पाठीवर जाळीचे पट्टे असलेले सूट दुकानात फार छान वाटतात, पण लांब शर्यतीनंतर त्या जाळीची नक्षी पाठीवर लालभडक उमटलेली पाहिली की जाळी कुठे हवी हे कळते: काखेत आणि बरगड्यांच्या बाजूला, म्हणजे जिथे घाम असतो पण ऊन नसते.

कोपरापासून मनगटापर्यंत सुट्या पांढऱ्या बाह्या घालायची पद्धतही आहे. आपल्याकडे दुचाकीवाले घालतात तशाच. यांचा खरा उपयोग त्या ओल्या ठेवल्या तरच. सायकलवर दर पाणी-थांब्याला बाटलीतले थोडे पाणी बाह्यांवर ओतले की वाऱ्याने ते वाळते, आणि त्या वाळण्यासाठी लागणारी उष्णता हातातून जाते. हा घाम उसना घेतलेला असतो. अंगावर ओतलेले पाणी जेवढे वाळले, तेवढा स्वतःचा घाम वाचला. पिण्याच्या पाण्याला पोटाची मर्यादा आहे, ओतण्याच्या पाण्याला नाही. माझ्या मते उष्ण हवेतल्या शर्यतीत नवख्यांना न उमगणारी गोष्ट हीच आहे. बाटली हातात आली की ती संपूर्ण घशात रिकामी करायची, अशी त्यांची समजूत असते.

आता क्रीम. १९९९ मध्ये कोनातल्या तीन स्पर्धकांच्या अंगावर जर्मन संशोधकांनी लहान फिल्म लावल्या. त्या फिल्ममध्ये जिवाणूंचे बीजाणू होते, आणि किती बीजाणू मेले यावरून अतिनील मात्रा मोजता येत होती. सरासरी पावणेनऊ तासांच्या शर्यतीत मात्रा भरली ती त्वचा लाल व्हायला पुरेशा होणाऱ्या किमान मात्रेच्या आठ पटींहून अधिक. तिघांनीही पाण्यात टिकणारे, एसपीएफ २५ च्या वरचे सनस्क्रीन लावले होते. तरी तिघेही भाजले. माणसे तीनच, त्यामुळे आकड्याला फार ताणू नये. पण कोनातून परतलेल्यांच्या माना आणि पोटऱ्या पाहिलेल्या कोणालाही त्यात आश्चर्य वाटणार नाही.

क्रीम लावूनही का भाजतात? एसपीएफची चाचणी त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन होते. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या सगळ्या अंगाला या हिशेबाने एका वेळी ३५ ग्रॅमच्या पुढे क्रीम लागेल. प्रत्यक्षात लोक याच्या निम्मे किंवा चौथा हिस्सा लावतात, आणि थर निम्मा झाला की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. दुसरे, पाणी आणि घाम. अमेरिकेत २०११ च्या नियमांपासून सनस्क्रीनवर ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘स्वेटप्रूफ’ लिहायला बंदी आहे. पाण्यात ४० मिनिटे टिकते की ८० मिनिटे, एवढेच लिहिता येते. वेगवान स्पर्धकाला कोनाचे पोहणे पन्नास मिनिटांचे, सामान्य माणसाला सव्वा ते दीड तासाचे. म्हणजे पहाटे अंधारात, घाईघाईने लावलेले क्रीम ऊन चढण्याआधीच समुद्रार्पण झालेले असते. सकाळी सातचे ऊन तसेही कोवळे. खरे लावायचे ते पाण्यातून बाहेर आल्यावर, सायकल उचलण्याआधी, ट्रान्झिशनच्या तंबूत. लांब शर्यतींत तिथे हातमोजे घातलेले स्वयंसेवक क्रीमचे डबे घेऊन उभे असतात आणि भिंतीला चुना फासावा तशा धडाक्याने खांदे-मान फासून देतात. ते अर्धे मिनिट द्यावे. पुढच्या सहा तासांत त्याची भरपाई होते.

या घाईत ठरावीक जागा हमखास सुटतात. वाकल्यावर उघडी पडणारी मानेची मागची बाजू, कान, गुडघ्यांच्या मागचा खळगा, पोटऱ्या, तळहाताची पाठ आणि दोन तुकड्यांचा सूट असेल तर कमरेवरची चार बोटांची पट्टी. सूटची चेन पुढून उघडी ठेवून पळणाऱ्यांच्या छातीवर व्हीच्या आकाराचा डाग महिनाभर टिकतो. कपाळावर पातळ क्रीम लावू नये. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरते आणि उताराच्या रस्त्यावर एका डोळ्याने सायकल चालवायची वेळ येते. तिथे झिंक ऑक्साइडची जाड कांडी बरी. ओठांना एसपीएफ असलेला बाम. आणि क्रीमच्या बोटांनी पोहण्याच्या गॉगलची काच धरायची नाही, हे प्रत्येक जण एकदा धुक्यातून पोहून शिकतो. हातावर-पायावर शर्यतीचा क्रमांक रंगवायचा किंवा चिकटवायचा असेल तर तो आधी, क्रीम नंतर. नाहीतर शाई धरत नाही. क्रमांकाखालची त्वचा झाकली जाते आणि भोवतालची रापते. घरी गेल्यावर अंगावर गोरे आकडे दिसतात, ते काहींना बक्षिसापेक्षा प्रिय असतात.

हवाईत क्रीमच्या निवडीला कायद्याचीही बाजू आहे. प्रवाळांना अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही दोन रसायने असलेले सनस्क्रीन विकण्यावर बंदी घालणारा कायदा या राज्याने २०१८ मध्ये केला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या खनिज क्रीमना त्यात मुभा आहे. ती चेहऱ्यावर पांढरी दिसतात, चोळायला जड असतात. शर्यतीच्या दृष्टीने हा गुणच समजावा: कुठे लावायचे राहिले ते लगेच दिसते.

भाजणे हे नुसते सौंदर्याचे किंवा पुढे-मागे होणाऱ्या त्वचारोगाचे प्रकरण नव्हे. उन्हाने भाजलेल्या त्वचेला घाम कमी येतो आणि उशिरा येतो, हे अमेरिकी लष्करासाठी झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत समुद्रकिनारी उघड्या अंगाने लोळून भाजून घेणारा पाहुणा मुख्य दिवशी आपली थंड होण्याची यंत्रणाच थोडी बिघडवून रेषेवर उभा राहतो.

पाण्यात सुरुवात करू म्हटले तर कोनाचा समुद्र २६ अंशांच्या आसपास असतो. आयर्नमॅनच्या नियमांत हौशी स्पर्धकांना वेटसूट २४.५ अंशांपर्यंतच पूर्ण मान्य. तो घातला की तरंगणे सोपे होते, पण कोमट पाण्यात रबरात गुंडाळून तासभर जोर लावणे म्हणजे सायकलवर बसण्याआधीच तापून घेणे. म्हणून ट्रायसूटवरून स्विमस्किन घालतात: पाणी न शोषणारे, घट्ट, कापडी आवरण. पोहताना दोन-तीन मिनिटे वाचतात आणि बाहेर आल्यावर ते उतरवायचे असते. ते अंगावर ठेवून सायकलला गेलेला माणूस घाम कोंडून शिजतो.

कोनाच्या सायकल मार्गावर एक स्थानिक नियम आहे. मागचे बंद डिस्क चाक इथे चालत नाही, जे जगातल्या बहुतेक लांब शर्यतींत चालते. कारण मुमुकू नावाचा वारा. उत्तरेला हावी गावाकडे चढताना डोंगराच्या खिंडीतून तो आडवा येतो आणि सायकलस्वाराला रस्त्याच्या कडेला ढकलतो. आता एवढा वारा असताना उष्णतेची काळजी का? खरे म्हणजे सायकलवर ती कळतच नाही, आणि धोका तिथेच आहे. ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने अंगावरचा घाम चुटकीसरशी वाळतो. त्वचेला गार वाटते, कपाळावर थेंब दिसत नाही, माणूस पाणी कमी पितो आणि पेडल जोरात मारतो. मग सायकल ठेवून पळायला लागले की वेग एकदम ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो, आणि वारा पाठीमागून त्याच वेगाचा असेल तर अंगाभोवती हवा थिजते. पंखा कोणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा. पाच तासांची उसनवारी तिथे फेडावी लागते.

हेल्मेटचा प्रश्नही इथलाच. लांब शेपटीचे किंवा गुळगुळीत एरो हेल्मेट काही मिनिटे वाचवते, पण त्याला भोके कमी. थंड हवेत हा सौदा फायद्याचा. कोनासारख्या ठिकाणी मी तरी पुढे-मागे मोठी छिद्रे असलेले, पांढरे हेल्मेट निवडेन, विशेषतः ज्याला सायकलवर सहा तास लागणार आहेत त्याच्यासाठी. वाऱ्याच्या बोगद्यातले आकडे ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्यांचे असतात, हे विकणारा सहसा सांगत नाही.

वेगाचा आणि उन्हाचा संबंध आणखी एका बाबतीत विचित्र आहे. व्यावसायिक पुरुष सकाळी साडेसहाच्या सुमाराला पाण्यात शिरतात आणि साडेअकराच्या आसपास पळू लागतात. त्यांची जवळपास सगळी मॅरेथॉन टळटळीत दुपारी होते. बारा-तेरा तास लागणारा हौशी स्पर्धक मध्यान्हीचे तास सायकलवर वाकलेला काढतो आणि अडीच-तीनला पळायला लागतो. कट-ऑफ १७ तासांचा आहे. त्याच्याजवळ पोहोचणारे शेवटचे कित्येक किलोमीटर अंधारात, गळ्यात चमकणाऱ्या नळ्या अडकवून चालतात. म्हणून विजेत्याच्या अंगावर काय होते हे पाहून खरेदी करणे फारसे उपयोगाचे नाही. त्याला पळताना टोपीत बर्फ हवा असतो. तुम्हाला सायकलवर पाठ आणि पोटऱ्या झाकायच्या असतात, आणि गडद गॉगलऐवजी संध्याकाळीही दिसेल अशी काच हवी असते. काच कितीही फिकी असो, अतिनील किरण पूर्ण अडवणारी, यूव्ही ४०० लिहिलेली असली की पुरे. गडद रंग म्हणजे संरक्षण, हा गैरसमज.

पळताना डोक्यावर व्हायझर की टोपी, यावर ट्रायथलॉनवाले तासन् तास वाद घालतात. व्हायझरने टाळू मोकळी राहते, वाफ निघते. पण केस विरळ असतील तर टाळू भाजते, आणि बर्फ ठेवायला जागा उरत नाही. पातळ, पांढरी, जाळीदार कापडाची टोपी आणि तिच्यात मूठभर बर्फ, यावर बहुतेकांची शेवटी तडजोड होते. मागे मानेवर फडका असलेली टोपी दिसायला बावळट, कामाला उत्तम.

बर्फाबद्दल मात्र फार भ्रमात राहू नये. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी त्वचेच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे पावणेपाच लाख ज्यूल उष्णता घेते. एक लिटर घाम वाळताना याच्या पाचपट घेतो. मग बर्फ कशाला? कारण हवा दमट असली तरी बर्फाला वितळण्यापासून कोणी अडवू शकत नाही. घामाचे दुकान जिथे मंदावते तिथे बर्फाचे चालू असते. कोनात पळण्याच्या मार्गावर साधारण दर मैलाला बर्फ, गार स्पंज आणि पाणी मिळते. अनुभवी माणसे बर्फ टोपीत, छातीशी सूटच्या आत आणि दोन्ही मुठींत घेतात. मानेवर बर्फ ठेवला की फार बरे वाटते, पण शरीराच्या आतले तापमान तेवढे उतरत नाही. बरे वाटणे आणि बरे असणे यातल्या या फरकापायी लोक वेग वाढवतात. ओतलेले पाणी मांड्यांवरून बुटात उतरते. म्हणून पाणी निथळून जाईल असे बूट आणि दुसऱ्या थांब्यावर बदलायला कोरडे मोजे ठेवलेले बरे. काखेत, जांघेत आणि सूटच्या शिवणीखाली व्हॅसलीन भरपूर; मिठाने खरखरीत झालेले ओले कापड ४२ किलोमीटरमध्ये किसणीचे काम करते.

पळण्याच्या उत्तरार्धात मार्ग समुद्राकडे उतरतो तो ‘एनर्जी लॅब’ नावाच्या जागी. हवाई राज्याची ही नैसर्गिक ऊर्जा प्रयोगशाळा. तिचे पाइप सुमारे ९०० मीटर खोलीवरून सहा अंशांच्या आसपासचे समुद्राचे पाणी वर खेचतात. तेवढे थंड पाणी जमिनीखालून वाहत असते, आणि वरच्या डांबरावरून उष्णतेने अर्धमेली माणसे पाय ओढत जातात.

इथे किंवा यापुढे जे घडते त्यात अनुभवाला फार सवलत मिळत नाही. १९९५ मध्ये तोवर सात वेळा जिंकलेली पॉला न्यूबी-फ्रेझर आघाडीवर होती. शेवटच्या टप्प्यात पाठलाग होतोय म्हणून तिने पाण्याचे थांबे सोडले आणि अंतिम रेषेपासून काहीशे मीटरवर रस्त्यातच कोसळली. कॅरेन स्मायर्स पुढे निघून जिंकली. न्यूबी-फ्रेझर बऱ्याच वेळाने उठली, अनवाणी चालत गेली आणि चौथी आली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महिलांच्या शर्यतीत लूसी चार्ल्स-बार्कली आणि टेलर निब या दोघी पुढे होत्या. उन्हाने दोघींनाही पळण्याच्या मार्गावर थांबवले, निबला तर अखेरचे काही किलोमीटर उरले असताना. जिंकली नॉर्वेची सोल्वाइग लोव्सेथ. या दोघींचे साहित्य जगातले उत्तमातले उत्तम होते. अंगावर चिकटवून आतल्या तापमानाचा अंदाज देणारे सेन्सरही आता बाजारात मिळतात. पण तापमान किती हे सांगणे आणि वेग कमी करायला लावणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला आधी तिथेच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायचे, मग रुग्णालयात हलवायचे. क्रम उलटा झाला तर जीव जाऊ शकतो. ‘पाणी पाज’ हा सल्ला इथे अपुरा आहे. तहान नसताना दिवसभर नुसते पाणी ढोसत राहिलेल्यांच्या रक्तातले सोडियम धोकादायक उतरते, तोही प्रकार लांब शर्यतींत नेहमी दिसतो, आणि त्याची लक्षणे बरीचशी अशीच असतात. मिठाच्या गोळ्या चघळल्या म्हणजे अतिपाणी चालते, असे नाही.

आपल्याकडे या खेळाचे मोठे ठिकाण म्हणजे गोवा. २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ होते, म्हणजे बरोबर निम्मे अंतर: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. पुण्या-मुंबईचे आणि कोल्हापूरचे स्पर्धक तिथे मोठ्या संख्येने दिसतात. समुद्र इतका कोमट की वेटसूटचा विषयच नाही, आणि हवा कोनाइतकीच चिकट. कोल्हापूर-पुण्यात पहाटे पाचला सराव करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे रोज तासभर तरी उन्हात घाम काढावा लागतो. मग रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पहाटेच्या गारव्यात काढलेले शंभर किलोमीटर हे शिकवत नाहीत. तेव्हा शेवटचे पंधरा दिवस काही सराव मुद्दाम सकाळी दहानंतर ठेवावा, आणि तोही शर्यतीतल्याच सूट, टोपी, बाह्या आणि क्रीमसह. कोणती शिवण कुठे कापते आणि कोणते क्रीम डोळ्यांत उतरते, हे कळायची जागा ती आहे.

पैसे कुठे घालावेत, असे कोणी विचारले तर माझा क्रम असा: आधी दाट विणीचा, फिक्या रंगाचा, बाह्यांचा ट्रायसूट. मग पांढरी टोपी, झिंकची कांडी आणि दोन सुट्या बाह्या. ही शेवटची तिन्ही मिळून एका चांगल्या टायरच्या किमतीत येतात. त्यानंतर बूट. एरो हेल्मेट पुढच्या वर्षी. स्विमस्किनचा नंबर शेवटचा, १.९ किलोमीटरसाठी ती नसली तरी काही अडत नाही.